डेव्हिड ब्लॅकवेल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संख्याशास्त्राच्या वर्गात राव-ब्लॅकवेल प्रमेय आलं की मुलांचे प्रश्न ठरलेले असतात. राव म्हणजे आपले संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव, हे बहुतेकांना ठाऊक असतं. ब्लॅकवेल म्हणजे कुणीतरी जुना इंग्रज गणिती असणार, असं बहुतेक जण धरून चालतात. ते इंग्रज नव्हते आणि फार जुनेही नव्हते. माझ्या मते विसाव्या शतकातल्या सर्वांत स्वच्छ डोक्याच्या संख्याशास्त्रज्ञांपैकी ते एक होते. म्हणून मुलांनी, त्यांच्या पालकांनी आणि माझ्या सहकाऱ्यांनी त्यांच्याबद्दल वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे उत्तरांसह मांडले आहेत.

थोडक्यात सांगा, डेव्हिड ब्लॅकवेल कोण होते?

अमेरिकन गणिती आणि संख्याशास्त्राचे प्राध्यापक. जन्म २४ एप्रिल १९१९, इलिनॉय राज्यातल्या सेंट्रेलिया गावी. मृत्यू ८ जुलै २०१०, वयाच्या ९१व्या वर्षी. हॉवर्ड विद्यापीठात दहा वर्षं आणि नंतर बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तीन दशकांहून जास्त काळ त्यांनी शिकवलं. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसवर १९६५ साली त्यांची निवड झाली. त्या अकॅडमीवर निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय.

घरचं वातावरण शिक्षणाचं होतं का?

वडील रेल्वेत होते. इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या लोकोशेडमध्ये इंजिनांची देखभाल करायचे. आई घर सांभाळायची. चार भावंडांत डेव्हिड थोरले. गावात काही शाळा फक्त गोऱ्यांच्या होत्या, काही फक्त काळ्यांच्या. डेव्हिड गेले ती शाळा सगळ्यांना घेणारी होती.

गणिताची गोडी कुठे लागली?

भूमितीच्या तासाला. मराठी माध्यमात शिकलेल्यांना हे लगेच समजेल. आपण प्रमेय लिहिताना 'पक्ष, साध्य, रचना, सिद्धता' असं लिहायचो ना? त्यातली 'रचना' म्हणजे आकृतीत आधी नसलेली, आपण काढलेली जादा रेषा. ती रेषा काढली की इतका वेळ गप्प बसलेली आकृती बोलायला लागते. ब्लॅकवेलांना शाळेत भुरळ पडली ती याच रेषेची. म्हातारपणी मुलाखत देतानासुद्धा ते तिच्याबद्दल बोलत. बीजगणित त्यांना जमायचं, पण त्यात विशेष काही वाटायचं नाही. गणित सुंदर असतं हे त्यांना भूमितीने दाखवलं. कॅल्क्युलस शिकून झाल्यावरही वर्षभर, हे दाखवणारा भूमितीशिवाय दुसरा विषय भेटला नाही, असं ते सांगत.

शाळेत गणिताचं एक मंडळ होतं. शिक्षक एका मासिकातली कूटं मुलांपुढे टाकायचे आणि चांगली उत्तरं मासिकाला पाठवायचे. ब्लॅकवेलांचं नाव त्यात छापून आलं, एक उत्तरही छापलं गेलं.

कॉलेजचा खर्च कसा भागवला?

१९३५ मध्ये, सोळाव्या वर्षी ते इलिनॉय विद्यापीठात दाखल झाले. बेत साधा होता, प्राथमिक शाळेत मास्तर व्हायचं. वडिलांच्या ओळखीतल्या एकाने नोकरीचा शब्दही दिला होता. पहिल्याच वर्षी त्यांना कळलं की वडील आपल्या शिक्षणासाठी कर्ज काढताहेत. यापुढे माझा खर्च मीच बघेन, असं त्यांनी घरी कळवलं. मग भांडी घासली, वाढप्याचं काम केलं, कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सफाई केली आणि नमुन्यांच्या बाटल्यांत अल्कोहोल भरलं. हे सगळं सांभाळून १९३८ मध्ये पदवी, १९३९ मध्ये एम.ए. आणि १९४१ मध्ये, २२व्या वर्षी, पीएच.डी. मार्गदर्शक होते संभाव्यताशास्त्रातले मोठे नाव जोसेफ डूब. प्रबंधाचा विषय मार्कोव्ह साखळ्या, म्हणजे पुढे काय होईल याची शक्यता फक्त आत्ताच्या स्थितीवरून ठरते अशा घटनांच्या मालिका.

प्रिन्स्टनमध्ये नेमकं काय झालं?

पीएच.डी.नंतर रोझेनवाल्ड फेलोशिप मिळवून ते एका वर्षासाठी प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीत गेले. ही संस्था आणि प्रिन्स्टन विद्यापीठ वेगवेगळी. पण संस्थेतल्या पाहुण्या संशोधकांना विद्यापीठानेही मानद सदस्य करून घ्यायचं, असा रिवाज होता. ब्लॅकवेलांच्या वेळी विद्यापीठाच्या अध्यक्षांनी संस्थेकडे तक्रार केली, की काळ्या माणसाला घेऊन तुम्ही आमच्या पाहुणचाराचा गैरफायदा घेताय. संस्था मागे हटली नाही. ब्लॅकवेलांना ही पत्रापत्री तेव्हा कुणी कळू दिली नाही.

त्या वर्षातली दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. त्या काळचे नामांकित गणिती जॉन फॉन नॉयमन तिथेच होते. तुझा प्रबंध कशावर आहे ते येऊन सांग, असं त्यांनी या बावीस वर्षांच्या पोराला म्हटलं. ब्लॅकवेलांना वाटलं, एवढा मोठा माणूस, नुसतं बोलायला म्हणून बोलला असणार. ते गेलेच नाहीत. काही काळाने फॉन नॉयमननी पुन्हा विचारलं, तेव्हा गेले. ब्लॅकवेलांनी दहाएक मिनिटं सांगितलं असेल, तोवर फॉन नॉयमनना सगळं उमगलं होतं. उरलेला वेळ, याच गोष्टी याहून सोप्या रीतीने कशा सिद्ध करता येतील, हे तेच सांगत राहिले.

बर्कलीची नोकरी १९४२ मध्ये का हुकली?

रंगामुळे. बर्कलीत तेव्हा येझ्री नेमन संख्याशास्त्राची प्रयोगशाळा उभारत होते. त्यांनी ब्लॅकवेलांची मुलाखत घेतली आणि हा माणूस हवाच, असं त्यांचं मत झालं. नेमणूक गणित विभागात व्हायची होती. विभागप्रमुखांच्या घरी प्राध्यापकांना जेवायला बोलावण्याची पद्धत होती. काळा माणूस माझ्या घरात जेवायला येणार नाही, असं त्यांच्या पत्नीने बजावलं. विषय तिथेच संपला. हे खरं कारण ब्लॅकवेलांना कित्येक वर्षांनी समजलं.

मग त्यांनी काय केलं?

शंभराहून जास्त अर्ज लिहिले. सगळे कृष्णवर्णीयांसाठीच्या कॉलेजांना. दुसरीकडे आपल्याला कुणी घेईल, हे त्यांनी धरलंच नव्हतं. तीन ठिकाणांहून होकार आला. त्यातला पहिला होता बॅटन रूजच्या सदर्न विद्यापीठाचा, तो त्यांनी घेतला. वर्षभर तिथे, पुढचं वर्ष अटलांटाच्या क्लार्क कॉलेजात, आणि १९४४ पासून वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात. त्याच वर्षी डिसेंबरात ॲन मॅडिसन यांच्याशी लग्न झालं. पुढे त्यांना आठ मुलं झाली. १९४७ पर्यंत ते पूर्ण प्राध्यापक आणि विभागप्रमुख झाले होते. हॉवर्डमध्ये तासांचं ओझं भरपूर होतं. तरी त्यांचं सर्वांत गाजलेलं काम याच वर्षांतलं आहे.

शुद्ध गणितातला माणूस संख्याशास्त्राकडे कसा वळला?

एका चुकीमुळे. ही हकीकत मी दर वर्षी वर्गात सांगते.

१९४५ च्या सुमारास वॉशिंग्टनमध्ये संख्याशास्त्रज्ञांच्या सभेत एब गिर्शिक यांचं व्याख्यान झालं. गिर्शिक सरकारच्या कृषी खात्यात काम करायचे. बोलण्यात त्यांनी संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड यांचं एक समीकरण मांडलं. ते काय आहे ते फाशावरून बघा. सहा पडेपर्यंत फासा टाकत राहायचं आणि पडलेल्या आकड्यांची बेरीज करायची. सरासरी बेरीज किती येईल? सहा पडायला सरासरी ६ वेळा फासा टाकावा लागतो, आणि एका फाशाची सरासरी ३.५. वाल्ड सांगतात, सरळ गुणा : २१. इथे मन अडतं. शेवटचा आकडा तर दर वेळी सहाच असणार, मग बेरीज जास्त नको का यायला? नाही येत, कारण आधीच्या फाशांमध्ये सहा कधीच नसतो. एकीकडचं जास्त दुसरीकडचं कमी बरोबर भरून काढतं.

गिर्शिकांचं विधान ब्लॅकवेलांना पटलं नाही. घरी जाऊन त्यांनी ते खोटं ठरवणारं एक उदाहरण रचलं आणि पत्राने पाठवून दिलं. उदाहरण चुकलेलं होतं. गिर्शिकांनी मात्र 'कुणीतरी विक्षिप्त दिसतोय' म्हणून पत्र बाजूला टाकलं नाही. उलट फोन केला, भेटायला बोलावलं. तिथून दोघांची जी जोडी जमली ती गिर्शिकांच्या अखेरपर्यंत टिकली. १९४६ मध्ये ब्लॅकवेलांचा संख्याशास्त्रातला पहिला निबंध आला, तो वाल्ड यांच्या याच समीकरणावर. १९५४ मध्ये ब्लॅकवेल आणि गिर्शिक यांचं खेळांचा सिद्धान्त (गेम थिअरी) आणि संख्याशास्त्रीय निर्णय यांवरचं पुस्तक आलं, आणि एका पिढीने ते समोर ठेवून अभ्यास केला.

राव-ब्लॅकवेल प्रमेय सोप्या भाषेत सांगाल का?

प्रुफं तपासणाऱ्यांच्या टेबलावर चला. दहा पानांचं प्रूफ आहे. लेखनाच्या चुका त्यात इकडेतिकडे कशाही विखुरलेल्या आहेत, कुठल्याही पानाशी त्यांचं खास नातं नाही. आपल्याला अंदाज हवा आहे की हा मजकूर जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या कामात एकही चूक नसलेली पानं साधारण किती टक्के निघतात.

एक आळशी माणूस म्हणेल, मी पहिलंच पान बघतो. चूक नसेल तर उत्तर १००, असेल तर ०. हा अंदाज सरासरीने बरोबर आहे, म्हणजे अनेक पुस्तकांवर तो असाच लावत गेलो तर एका बाजूला कलणार नाही. पण एकेका वेळी तो अगदीच कुचकामी.

आता सगळ्या दहा पानांतल्या चुका मोजा. समजा १२ निघाल्या. या प्रश्नापुरतं कामाचं सगळं या एका आकड्यात आलं. कुठली चूक कुठल्या पानावर होती, याने आपल्या ज्ञानात भर पडत नाही. अशा आकड्याला आपण पर्याप्त म्हणतो. ब्लॅकवेलांची युक्ती अशी : आळशी माणसाला सोडू नका, त्यालाच विचारा, की एकूण चुका १२ असताना पहिलं पान स्वच्छ निघण्याची शक्यता किती? एक चूक पहिलं पान सोडून दुसरीकडे पडण्याची शक्यता ०.९. बाराच्या बारा दुसरीकडे पडण्याची ०.९ चा बारावा घात, म्हणजे सुमारे ०.२८. झालं, नवा अंदाज २८ टक्के.

प्रमेय एवढंच सांगतं, की कुठलाही ओबडधोबड अंदाज घ्या, पर्याप्त माहिती धरून त्याची अपेक्षित किंमत, म्हणजे सरासरी, काढा. मूळ अंदाज एका बाजूला कलत नसेल तर नवाही कलणार नाही, आणि त्याची डगमग मूळच्यापेक्षा कधीच जास्त नसेल, बहुधा खूप कमी असेल. पहिल्या पानाचा हट्ट धरणाऱ्यात ते २८ टक्के आधीपासून दडलेले होते. बाहेर काढायला एक रचना हवी होती.

राव आणि ब्लॅकवेल यांनी हे मिळून केलं का?

नाही. सी. आर. राव यांचा निबंध १९४५ मध्ये कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये आला, तेव्हा ते पंचविशीत होते. ब्लॅकवेलांचा १९४७ मध्ये, अमेरिकेत. दोघे आपापल्या वाटेने तिथे पोचले. ब्लॅकवेलांच्या डोक्यात क्रमवार नमुने घेण्याचा प्रश्न होता, म्हणजे नमुना किती मोठा घ्यायचा हे आधी न ठरवता, हातात येईल तसं ठरवत जायचं. एकाचा जन्म कर्नाटकातल्या हडगलीचा, दुसऱ्याचा सेंट्रेलियाचा. नावं जोडाक्षरासारखी एकत्र झाली. राव २०२३ मध्ये वयाच्या १०२व्या वर्षी अमेरिकेतच वारले.

द्वंद्वयुद्धावर त्यांनी संशोधन केलं होतं, हे खरं?

खरं आहे. १९४८ ते १९५० दरम्यान उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत ते रँड कॉर्पोरेशन या लष्करासाठी संशोधन करणाऱ्या संस्थेत जायचे. शीतयुद्धाचा काळ, लष्कराला निर्णयांचं गणित हवं होतं.

प्रश्न असा. दोघे एकमेकांकडे चालत येताहेत, प्रत्येकाच्या पिस्तुलात एकच गोळी. लांबून झाडली तर नेम चुकेल. जवळ येईपर्यंत थांबलं तर समोरचा आधी झाडेल. कधी झाडायची? पिस्तुलाचा आवाज ऐकू येत असेल तर उत्तर सुरेख आहे. समोरच्याची गोळी चुकल्याचं कळलं, की आपण शांतपणे अगदी जवळ जाऊन झाडू शकतो. म्हणून माझा नेम लागण्याची शक्यता जेव्हा त्याचा नेम चुकण्याच्या शक्यतेइतकी होते, तो झाडायचा क्षण. दोघे सारखेच नेमबाज असतील तर शक्यता निम्म्यावर आल्यावर. पिस्तूल मूक असेल तर गोष्ट अवघड होते, कारण त्याने झाडली की नाही हेच कळत नाही. तिथे क्षण निवडण्यातही नशिबाची मिसळ करावी लागते.

ते बेझियन कसे झाले?

रँडमध्येच ठिणगी पडली. एका अर्थतज्ज्ञाने त्यांना विचारलं, पुढच्या पाच वर्षांत मोठं युद्ध होण्याची शक्यता किती? हवाई दलाला शिफारस करायची होती, त्यासाठी आकडा हवा होता. ब्लॅकवेलांनी तेव्हाचं पुस्तकी उत्तर दिलं : शक्यता पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टींची असते, युद्ध एकदाच होणार किंवा होणार नाही, त्यामुळे या प्रश्नाला अर्थ नाही. तो म्हणाला, तुम्ही हेच म्हणाल अशी भीती होती, याआधी विचारलेल्या संख्याशास्त्रज्ञांनीही हेच सांगितलं.

ते उत्तर ब्लॅकवेलांना स्वतःलाच सलत राहिलं. समोरच्याचा प्रश्न खरा होता आणि आपलं शास्त्र त्याला हात लावायला तयार नव्हतं. पुढे संख्याशास्त्रज्ञ जिमी सॅव्हेज यांच्याशी झालेल्या बोलण्यातून त्यांना वाट दिसली. शक्यता म्हणजे आपल्याला आत्ता असलेल्या खात्रीचं माप, आणि नवी माहिती आली की ते बदलायचं. असं मानणाऱ्यांना बेझियन म्हणतात. त्यानंतर ते कायम बेझियन राहिले. १९६९ मध्ये त्यांनी नवशिक्यांसाठी एक छोटेखानी पाठ्यपुस्तक लिहिलं, तेही याच दृष्टीने.

बर्कलीला अखेर कधी गेले?

१९५४ मध्ये पाहुणे प्राध्यापक म्हणून. पुढच्या वर्षी संख्याशास्त्राचा स्वतंत्र विभाग झाला आणि ते तिथे प्राध्यापक झाले. बर्कलीत कायम नेमणूक मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय प्राध्यापक. ज्या नेमनांना ते १९४२ मध्ये हवे होते, त्यांच्याच विभागाचे ते १९५७ ते १९६१ या काळात प्रमुख होते. निवृत्ती १९८८ मध्ये.

झालेल्या अन्यायाबद्दल ते कडवट होते का?

त्यांच्या मुलाखतींत कडवटपणा आढळत नाही. मोठ्या गोऱ्या विद्यापीठात शिकवायची आशाच धरली नव्हती, त्यामुळे फारसं लागलं नाही, असं ते सांगत. हे वाचून काहींना बरं वाटतं. मला वाटत नाही. बावीस वर्षांच्या इतक्या हुशार मुलाच्या आशेचं कुंपण आधीच कुणीतरी घालून ठेवलं होतं, एवढाच त्याचा अर्थ. बर्कलीची बारा वर्षं हुकली ती हुकलीच. हॉवर्डच्या मुलांना मात्र असा मास्तर मिळाला.

शिक्षक म्हणून कसे होते?

विद्यार्थ्यांचे लाडके. त्यांच्या हाताखाली साठाहून जास्त जणांनी पीएच.डी. केली. सुंदर गोष्ट दुसऱ्याला दाखवताना तिचं सौंदर्य आपल्यालाही पुन्हा नव्याने दिसतं, म्हणून शिकवायचं, असं ते म्हणत. संशोधनात मला रस नाही, कधीच नव्हता, मला समजून घेण्यात रस आहे, असंही त्यांनी म्हणून ठेवलंय. एखादी गोष्ट समजून घ्यायला निघालं आणि ती आधी कुणी सोडवलेलीच नसली, तर ती आपणच सोडवावी लागते. त्यांचे निबंध असे जन्मले. म्हणूनच त्यांचे विषय इतके विखुरलेले दिसतात : मार्कोव्ह साखळ्या, नूतनीकरणाचं प्रमेय, प्रयोगांची तुलना, खेळ, माहितीशास्त्र, गतिमान नियोजन.

महाराष्ट्राशी काही धागा?

थेट नाही, पण विषयातून जोडणारे दोन आहेत. नेमन अमेरिकेत जाण्यापूर्वी लंडनमध्ये होते. तिथे त्यांच्या हाताखाली शिकलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. पुढे त्यांनी शेती आणि अन्नाच्या सर्वेक्षणात जगभर नाव कमावलं. दुसरे वसंत शंकर हुजूरबाजार, जन्म कोल्हापूरचा आणि १९१९ चाच, म्हणजे ब्लॅकवेलांच्या बरोबरीचे. पुणे विद्यापीठातला संख्याशास्त्र विभाग त्यांनी उभा केला. त्यांचा आवडता विषय पर्याप्तता, ज्यावर राव-ब्लॅकवेल प्रमेय उभं आहे.

एन्व्हिडियाच्या चिपला त्यांचं नाव कसं?

एन्व्हिडिया ही संगणकाच्या चिप बनवणारी कंपनी आपल्या चिपच्या पिढ्यांना शास्त्रज्ञांची नावं देते. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पिढीला तिने ब्लॅकवेल हे नाव दिलं. नाव शोभतं. एखादं यंत्र चुका करत, बक्षिसं मिळवत शिकतं, त्यामागे टप्प्याटप्प्याने निर्णय घेण्याचं जे गणित आहे, त्याचा भक्कम पाया ब्लॅकवेलांच्या १९६२ आणि १९६५ च्या निबंधांत आहे.

मानसन्मान कोणते मिळाले?

१९७९ मध्ये फॉन नॉयमन सिद्धान्त पुरस्कार, बारा मानद डॉक्टरेट, आणि मृत्यूनंतर २०१४ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक. २०१८ मध्ये बर्कलीत विद्यार्थ्यांचं एक वसतिगृह उघडलं, त्याला त्यांचं नाव आहे.

त्यांचं स्वतःचं काही वाचायचं असेल तर कुठून सुरुवात करू?

१९४७ च्या निबंधापासून. ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सच्या अठराव्या खंडात आहे, पानं १०५ ते ११०. ऑनलाइन मिळतो. सहाच पानं आहेत. सशर्त अपेक्षित किंमत म्हणजे काय, एवढं येत असेल तर पुरे. आधी वरचं प्रुफाचं उदाहरण चुका १२ ऐवजी ५ धरून स्वतः सोडवा, मग पेन्सिल घेऊन निबंधाला बसा.